वणकारी केशनाश आणि लेसर उपचार : एका शब्दाची व त्यामागील पुराव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकीय वाङ्मयात काही शब्द असे असतात की ते उच्चारताच शंका थांबते. ‘लेसर’ हा त्यांपैकी एक होय. शस्त्रक्रिया म्हटले की रुग्ण घाबरतो, औषध म्हटले की दुष्परिणाम विचारतो. परंतु ‘लेसर’ म्हटले की तो समाधानाने मान डोलावतो. गेल्या दोन दशकांत केशगळतीच्या उपचारांत या शब्दाचा संचार वाढला. प्रथम पुरुषांच्या सामान्य टकलासाठी, नंतर स्त्रियांच्या विरळ होणाऱ्या केसांसाठी आणि अलीकडे वणकारी केशनाशासाठीही लेसरची शिफारस होऊ लागली आहे. या तिसऱ्या क्षेत्रातील दाव्यांची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेसर वाईट की चांगला, असा प्रश्न येथे नाही. ज्या रोगात गेलेला केस परत येत नाही, त्या रोगात ‘लेसरमुळे सुधारणा झाली’ या वाक्याचा नेमका अर्थ काय, एवढाच प्रश्न आहे. मात्र तो वाटतो तितका लहान नाही.

प्रथम परिभाषेसंबंधी थोडे. मराठीत ‘व्रण’ हा शब्द जखम आणि जखमेची खूण अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘वण’ मात्र फक्त खुणेचा वाचक आहे. म्हणून येथे ‘वणकारी केशनाश’ असा प्रयोग केला आहे. व्यवहारात डोक्यावरच्या कोणत्याही गोल चट्ट्याला ‘चाई’ म्हणण्याची रीत आहे आणि हा केवळ शब्दांचा गोंधळ नाही. चाईमध्ये केशपुटक जिवंत असते, केस बहुधा पुन्हा उगवतो, कित्येकदा उपचारांवाचूनही उगवतो. वणकारी केशनाशात केशपुटकच नष्ट होऊन त्या जागी तंतुमय ऊती तयार होतात. पहिल्या रोगात वाट पाहणे क्षम्य असते. दुसऱ्यात वाट पाहण्याची किंमत केसांनी मोजावी लागते. ‘चाई आहे, येतील केस’ या एका वाक्याने वर्ष गेल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाहीत.

रोगाचे स्वरूप

केशपुटकाच्या मध्यभागी, तैलग्रंथीच्या खालच्या बाजूस, एक किंचित फुगीर भाग असतो. केसाचे नवे चक्र सुरू करणाऱ्या मूलपेशी येथे वसतात, ही गोष्ट १९९० मध्ये कॉट्सारेलिस, सन व लॅव्हकर यांनी उंदरांवरील संशोधनातून पुढे आणली. त्यानंतर वणकारी आणि वणरहित केशनाशातील भेद अधिक स्पष्ट झाला. चाईमध्ये दाह केसाच्या तळाशी, कंदाभोवती असतो. मूलपेशींचे ठाणे सुरक्षित राहते. लायकेन प्लॅनोपिलॅरिससारख्या रोगात मात्र दाह नेमका त्या फुगीर भागाभोवती जमतो. ठाणेच पडले की सैन्य परत उभे करण्यास कोणी उरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात इंद्रलुप्ताचे वर्णन करताना, केस गळून गेल्यावर कफ व रक्त रोमकूप बुजवितात आणि म्हणून तेथे दुसरा केस येत नाही, अशी कल्पना मांडली आहे. तिला आधुनिक विकृतिशास्त्राचे पूर्वज्ञान मानण्याचा उत्साह प्रस्तुत लेखकास नाही. तथापि ‘केस का गेला’ आणि ‘केस परत का येत नाही’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते. आजच्या जाहिरातींना ते ओळखता येत नाही, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

वणकारी केशनाश हा एक रोग नसून रोगांचा समूह आहे, ही बाब पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया होय. भाजणे, इजा, किरणोपचार अथवा तीव्र संसर्ग यांमुळे केशपुटके नष्ट झाली तर तो दुय्यम प्रकार. केशपुटक हेच दाहाचे लक्ष्य असेल तर तो प्राथमिक प्रकार. प्राथमिक प्रकाराचे वर्गीकरण २००१ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या कार्यशाळेत ठरविण्यात आले. दाहात कोणत्या पेशींचे प्राबल्य आहे, हा त्याचा निकष. लसीकापेशींच्या गटात लायकेन प्लॅनोपिलॅरिस, डिस्कॉइड ल्यूपस, केंद्रापासून बाहेर पसरणारा वणकारी केशनाश इत्यादी येतात; न्यूट्रोफिल पेशींच्या गटात फॉलिक्युलायटिस डीकॅल्व्हन्स व डिसेक्टिंग सेल्युलायटिस हे पू निर्माण करणारे रोग येतात; तिसरा गट मिश्र. कपाळाची केसरेषा मागे नेणारा आणि मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळणारा प्रकार ऑस्ट्रेलियातील कोसार्ड यांनी १९९४ मध्ये प्रथम वर्णिला. तो लायकेन प्लॅनोपिलॅरिसचाच उपप्रकार मानला जातो.

एक शब्द, चार परस्परविरोधी क्रिया

‘वणकारी केशनाशावर लेसर’ या शीर्षकाखाली जे वाङ्मय उपलब्ध आहे ते एकत्र वाचू लागल्यास प्रथमच एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यातील लेखक एकाच उपचाराविषयी बोलत नाहीत. किंबहुना काहींची उद्दिष्टे एकमेकांच्या नेमकी उलट आहेत.

पहिला वापर केस नष्ट करण्याचा. पू निर्माण करणाऱ्या प्रकारांत केस हाच दाहाला खतपाणी घालणारा घटक ठरतो. तेव्हा केशपुटक जाळून टाकले तर दाह शमेल, असा विचार १९९९ पासून प्रसिद्ध झालेल्या काही नोंदींत दिसतो. प्रारंभी रुबी लेसर आणि पुढे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर यासाठी वापरण्यात आला. फॉलिक्युलायटिस डीकॅल्व्हन्सवरील २००४ ची अशी एक नोंद वारंवार उद्धृत होते. येथे उपचाराचे यश म्हणजे पू थांबणे. केस परत येणे नव्हे. उलट त्या भागातील उरलेसुरले केसही गमावण्याची तयारी ठेवावी लागते. सौंदर्यासाठी केस काढणारे जे यंत्र, तेच हे यंत्र. ॲंडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेले तत्त्व, म्हणजे योग्य तरंगलांबी व योग्य स्पंदकाल निवडल्यास आजूबाजूच्या ऊतींना धक्का न लावता केवळ रंगद्रव्य असलेले लक्ष्य तापविता येते, हेच येथेही लागू आहे.

दुसरा वापर प्रतिकारशक्ती दडपण्याचा. ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर हा अतिनील-ब किरणांचा स्रोत असून सोरायसिस व कोड यांवर तो प्रस्थापित आहे. त्वचेतील लसीकापेशींना तो मारतो अथवा नमवितो. म्हणून लायकेन प्लॅनोपिलॅरिसवर त्याचा उपयोग करून पाहण्यात आला. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ रुग्ण होते व दाहाची लक्षणे कमी झाल्याचे नोंदविले आहे.

तिसरा वापर उत्तेजनाचा. कमी शक्तीचा तांबडा किंवा निकट-अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिकांना चेतवितो, असे मानले जाते. शिरस्त्राणे, फण्या, टोप्या या स्वरूपात बाजारात येते ती हीच जात. चौथा वापर भाजल्याच्या वणांवर होतो. २००४ नंतर रूढ झालेल्या अंशविभाजित लेसरने वणात सूक्ष्म छिद्रे पाडून तो मऊ केला जातो. पुढे तेथे केशरोपण सुकर व्हावे, हा उद्देश.

केस जाळणे, दाह दडपणे, पेशी चेतविणे आणि वण मऊ करणे : या चार क्रियांना जोडणारा दुवा म्हणजे यंत्राच्या पेटीवर लिहिलेला शब्द. तरीही संकलनात्मक लेखांतून ‘लेसर उपचारांना आशादायक प्रतिसाद’ असे एकत्रित विधान केले जाते, तेव्हा पूवर मिळालेले यश लायकेनच्या खाती आणि लायकेनवरचे टोपीच्या खाती जमा होते. औषधांच्या बाबतीत असे कोणी करीत नाही. ‘गोळ्यांना आशादायक प्रतिसाद’ असे वाक्य कोणत्याही परीक्षकाने परत पाठविले असते.

या एकीकरणाचा धोका केवळ तार्किक नाही. अतिनील किरणांचा एक्सायमर लेसर लायकेन प्लॅनोपिलॅरिसमध्ये कदाचित उपकारक ठरेल; परंतु अतिनील किरणांनी ल्यूपस चेतविला जातो, हे सर्वमान्य आहे. आता डिस्कॉइड ल्यूपस व लायकेन प्लॅनोपिलॅरिस हे दोन्ही रोग एकाच गटात मोडतात, दोहोंत डोक्यावर गुळगुळीत चट्टे पडतात आणि जुन्या अवस्थेत ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे अनुभवी चिकित्सकासही अवघड जाते. भारतातील वणकारी केशनाशाच्या रुग्णांत हेच दोन रोग प्रमुख असल्याचे येथील अभ्यासांत आढळते. बायोप्सी न करता ‘वणकारी केशनाश’ एवढ्या निदानावर लेसर देणे म्हणजे काय, हे यावरून उघड व्हावे.

उंदरांपासून माणसापर्यंत

तिसऱ्या वापराची कुळकथा रंजक आहे. मेमन यांनी १९६० मध्ये पहिला रुबी लेसर सिद्ध केला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६७ मध्ये, बुडापेस्ट येथील शल्यचिकित्सक एंड्रे मेस्टर यांनी पाठीवरचे केस भादरलेल्या उंदरांवर कमी शक्तीचा रुबी लेसर सोडला. त्याने कर्करोग होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही. मात्र लेसर दिलेल्या उंदरांचे केस इतरांहून लवकर उगवले. या अनपेक्षित निरीक्षणातून एक संपूर्ण उपचारपद्धती जन्मली. पुढे १९९० च्या दशकात त्याच ६९४ नॅनोमीटरच्या रुबी लेसरची शक्ती वाढवून माणसाचे केस कायमचे काढण्याचा व्यवसाय उभा राहिला, हा योगायोग मुद्दाम नोंदवावासा वाटतो. मात्रा बदलली की फल उलटते. आणि मात्रेविषयी तर या वाङ्मयात विलक्षण अनास्था आहे. एका अभ्यासाची तरंगलांबी, दर चौरस सेंटिमीटरला दिलेली ऊर्जा, वेळ व वारंवारता यांपैकी एकही बाब दुसऱ्याशी सहसा जुळत नाही.

मेस्टर यांच्या निरीक्षणावरून वणकारी केशनाशाकडे उडी घेताना दोन गोष्टी विसरल्या जातात. उंदराच्या पाठीवरील केसांचे चक्र लाटेसारखे एकसमयी चालते. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने वागतो. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. मेस्टर यांच्या उंदरांची केशपुटके शाबूत होती; केस केवळ भादरलेले होते. वणकारी केशनाशात चेतविण्यासाठी काही शिल्लकच नसते. २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात, प्रौढ उंदरांना मोठी जखम केल्यास तिच्या मध्यभागी नवी केशपुटके निर्माण होऊ शकतात, असे दाखविणारा शोधनिबंध आला. मूलपेशींच्या संशोधनात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. पण ‘सूक्ष्म जखमा करणाऱ्या लेसरने वणातून केस उगवतात’ या दाव्याला त्याचा आधार देणे म्हणजे उंदीर आणि माणूस, तसेच ताजी जखम आणि जुना वण, असे दोन्ही भेद पुसून टाकणे होय.

सामान्य टकलाच्या बाबतीत कमी शक्तीच्या लेसरचा पुरावा तुलनेने बरा आहे. लेसर-फणी वापरणारे पुरुष व दिसायला तसेच, परंतु लुटुपुटूचे, यंत्र वापरणारे पुरुष यांची २६ आठवडे तुलना करणारी नियंत्रित चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि केसांच्या घनतेत फरक आढळला. त्या जातीच्या पहिल्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये बाजारात येण्याची मोकळीक दिली होती. तीही पूर्वीच्या यंत्रांशी तुल्य असल्याच्या मार्गाने आणि वंशपरंपरागत टकलापुरती. नव्या औषधाला मिळणारी मान्यता ही वेगळी व कठोर प्रक्रिया आहे. जाहिरातीत मात्र दोहोंना ‘मान्यताप्राप्त’ हाच शब्द लागतो आणि ती मान्यता कोणत्या रोगासाठी होती, हे बारीक अक्षरांत राहते. वणकारी केशनाशाचा रुग्ण तेच शिरस्त्राण विकत घेतो, तेव्हा त्याच्या रोगासाठी ते कोणी पारखलेले नसते.

नावाचीही एक गंमत आहे. या पद्धतीला आरंभी ‘कमी शक्तीचा लेसर उपचार’ म्हणत. पुढे लेसरऐवजी साध्या प्रकाश-उत्सर्जक डायोडनेही तेच साधते, असा दावा होऊ लागला आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या विषयसूचीत ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ हा शब्द दाखल झाला. शास्त्रीय दृष्टीने हे योग्यच झाले. पण मग ज्या टोपीत एकही लेसर नाही तिची विक्री ‘लेसर टोपी’ म्हणून का होते, याचे उत्तर विज्ञानात नसून लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे.

‘सुधारणा’ म्हणजे काय?

लायकेन प्लॅनोपिलॅरिसवर तांबड्या प्रकाशाचा प्रयोग झालेले अभ्यास बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०१८ मधील स्पेनच्या अभ्यासात ८ रुग्ण होते. २०१९ मधील पोलंडच्या प्राथमिक अभ्यासात १६ स्त्रिया होत्या. दोन्हींत सुधारणा नोंदविली आहे. ही संख्या लहान आहे म्हणून मी ती हसण्यावारी नेत नाही. दुर्मीळ रोगात आरंभ असाच होतो आणि संशोधकांनी स्वतः आपले अभ्यास प्राथमिकच म्हटले आहेत. आक्षेप आहे तो मोजमापाच्या वाचनावर.

या रोगात सुधारणा मोजण्यासाठी २०१० पासून एक क्रियाशीलता निर्देशांक वापरला जातो. खाज, वेदना, जळजळ, लाली, केसाभोवतीचा कोंडा, ओढल्यावर हातात येणारे केस व रोगाचा विस्तार यांना गुण देऊन ० ते १० अशी बेरीज काढतात. हा निर्देशांक उपयुक्त आहे. परंतु तो रोग किती पेटलेला आहे हे सांगतो, केस किती आहेत हे नव्हे. निर्देशांक सातावरून दोनावर आला याचा अर्थ आग विझत आली. घर पुन्हा उभे राहिले, असा नव्हे. मूळ शोधनिबंधात हा भेद पाळलेला असतो. संकलनात तो पुसट होतो आणि रुग्णापर्यंत पोचेतो ‘लेसरने फरक पडतो’ एवढेच उरते. रुग्णाच्या मनात ‘फरक’ या शब्दाचा एकच अर्थ असतो, आणि तो आरशात दिसावा लागतो.

यात आणखी एक अडचण आहे. लायकेन प्लॅनोपिलॅरिस चढउतारांनी चालतो व कालांतराने पुष्कळदा आपणहून थंडावतो. रुग्ण उपचारासाठी येतो तो बहुधा त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले तरी काही महिन्यांनी निर्देशांक खाली येण्याचा संभव अधिकच असतो. शिवाय यांतील कित्येक रुग्णांची हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन अथवा स्टेरॉइड ही औषधे आधीपासून चालू असतात. अशा स्थितीत नियंत्रण गटावाचून केलेल्या अभ्यासात श्रेय प्रकाशाला द्यावे, औषधाला द्यावे की काळाला, हे ठरविण्याचे साधनच उपलब्ध नसते. छायाचित्रांविषयी काय बोलावे? भांग एका बोटाने सरकवला की चट्टा निम्मा होतो. डर्मोस्कोपमधून केशमुखांची संख्या मोजली असेल तर ती गोष्ट वेगळी, कारण वण झालेल्या जागी केशमुखच दिसत नाही आणि भांग पाडून ते आणता येत नाही.

‘उपयोग नसेल, पण अपाय तर नाही’ हा या संदर्भातील नेहमीचा बचाव. तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. इतर लेसरांच्या बाबतीत मुळीच नाही. लायकेनमध्ये त्वचेला इजा झाली की त्याच जागी रोग उमटण्याची प्रवृत्ती असते. केशरोपण व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लायकेन प्लॅनोपिलॅरिस उद्भवल्याच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. म्हणूनच रोग एक-दोन वर्षे पूर्ण शांत असल्याखेरीज केशरोपण करू नये, असा संकेत आहे. तापविणाऱ्या व छिद्रे पाडणाऱ्या लेसरला हा संकेत लागू नसावा, असे मानण्यास आधार नाही. त्यात आपल्याकडील सावळ्या त्वचेचा प्रश्न वेगळा. वरच्या थरातील मेलॅनिन ऊर्जा शोषून घेते आणि कमी तरंगलांबीच्या लेसरने त्वचा भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका वाढतो. गोऱ्या त्वचेवरील मात्रा जशाच्या तशा उचलणे येथे परवडत नाही.

आणि तांबड्या प्रकाशाचा अपाय? तो प्रकाशात नाही, कालगणनेत आहे. सहा महिने रोज टोपी घालणारा रुग्ण त्या काळात बायोप्सी करीत नाही, औषध घेत नाही, चट्ट्याची कड किती सरकली हे पाहत नाही. सक्रिय कडेवरची केशपुटके हीच या रोगात वाचविण्याजोगी एकमेव संपत्ती असते.

चाचणी कशी असावी

तांबड्या प्रकाशाला या रोगात काहीच स्थान नाही, असे म्हणण्याइतकाही पुरावा नाही. पेटलेल्या कडेवर तो दाह कमी करीत असेल तर ती मोठी गोष्ट ठरेल, कारण दीर्घकाळ घ्यावयाच्या औषधांचे दुष्परिणाम त्याने थोडे तरी टाळता येतील. परंतु हे कळण्यासाठी प्रथम कडेवरची बायोप्सी करून एकाच निदानाचे रुग्ण निवडावे लागतील. ल्यूपस वेगळा काढावा लागेल. सर्वांची चालू औषधे तशीच ठेवून निम्म्यांना खरे व निम्म्यांना लुटुपुटूचे यंत्र द्यावे लागेल, कारण प्रकाश देण्यासाठी औषध बंद करणे हे नैतिक दृष्ट्या मान्य होणार नाही. मोजणाऱ्याला कोणत्या रुग्णाला कोणते यंत्र मिळाले हे ठाऊक असता कामा नये. निर्देशांकासोबत कडेवरच्या ठरावीक चौरसातील केशमुखे आरंभी व वर्षअखेरीस मोजावी लागतील. सहा महिने पुरेसे नाहीत. रोगाची एक भरती-ओहोटीही त्यात मावत नाही. एका रुग्णालयात एवढे रुग्ण मिळणार नाहीत, तेव्हा अनेक केंद्रांनी एकत्र यावे लागेल आणि यंत्र विकणाऱ्याने खर्च केल्यास तसे पहिल्याच पानावर छापावे लागेल.

अशा चाचणीच्या संमतिपत्राचा मराठी मसुदा करताना ‘लेसरने केसांत सुधारणा’ हे शब्द वापरता येणार नाहीत. ‘गेलेले केस या उपचाराने परत येतील अशी अपेक्षा नाही, उरलेले केस टिकतात का, हे पाहावयाचे आहे’ असेच लिहावे लागेल. किती रुग्ण त्यावर सही करतील, हे सांगणे कठीण आहे.